व्हॅक्यूम क्लीनरचं तोंड दाबलं की मोटर किंचाळते का?

भुईनळा
प्रश्न साधा आहे, पण त्यावरून घरात दोन तट पडलेत. व्हॅक्यूम क्लीनर चालू असताना पाइपच्या तोंडावर तळहात ठेवला की मोटरचा आवाज एकदम चढतो. आमचे मेहुणे (शिक्षण मेकॅनिकल, नोकरी बँकेत) म्हणतात, मोटरवर लोड येतं म्हणून ती ओरडते, असं करू नकोस, जळेल. माझं म्हणणं, लोड आलं तर आवाज खाली बसायला हवा. मिक्सरमध्ये घट्ट चटणी असली की तो घरघरतो, किंचाळत नाही. मग इथे उलटं का?

दुसरं म्हणजे, नवीन मशिन घ्यायचंय. दुकानात एका खोक्यावर '१६०० वॅट', दुसऱ्यावर '२०,००० पास्कल' आणि तिसऱ्यावर '१,२५,००० आरपीएम' असं छापलंय. ह्या तिघांची तुलना कशी करायची?

'झाडू घ्या' हा सल्ला कृपया नको.

केरसुणी
झाडू घ्या.

साखरझोप
आयडी सार्थ केलात ताई!

ठोकताळा
मेहुणे बरोबर आहेत. हवा ओढायला वाट नाही म्हटल्यावर मोटरला जास्त जोर लावावा लागणारच. पाण्याच्या पंपाचा व्हॉल्व्ह बंद करून पाहा, काय होतं ते.

आर्मेचर
ठोकताळा, पंपाचंच उदाहरण घेतलंत ते बरं झालं. सेंट्रिफ्युगल पंपाचा व्हॉल्व्ह बंद केला की करंट *कमी* होतो. म्हणून तर मोठे पंप डिलिव्हरी व्हॉल्व्ह बंद ठेवून सुरू करतात आणि मग हळूहळू उघडतात. विहिरीवर मोटर बसवणाऱ्या कुठल्याही वायरमनला विचारा.

इथेही तेच आहे. पंख्याचं काम म्हणजे मधून आलेली हवा कडेला भिरकावणं. त्याला किती ताकद लागते हे सेकंदाला किती किलो हवा मधून जाते त्यावर ठरतं. तोंड बंद केलं की नवी हवा येणं थांबतं. पंख्याच्या घरात अडकलेली तीच ती हवा त्याच्याबरोबर गोल फिरत राहते. घर्षणापुरतीच ताकद लागते. म्हणजे लोड वाढत नाही, उतरतं. सायकलची चेन निसटल्यावर पेडल कसं गरगर फिरतं, तसं.

आता लोड उतरल्यावर वेग का वाढतो? घरातला साधा वायरवाला व्हॅक्यूम क्लीनर, मिक्सर आणि ड्रिल मशिन, तिन्हीत युनिव्हर्सल मोटर असते. फील्डचं वाइंडिंग (स्थिर गुंडाळी) आणि आर्मेचर (फिरणारी गुंडाळी) एकापाठोपाठ, सिरीजमध्ये. लोड कमी झालं की करंट कमी, करंट कमी झाला की चुंबकीय क्षेत्र क्षीण, आणि क्षेत्र क्षीण झालं की तेवढाच बॅक ईएमएफ (फिरताना मोटरमध्येच तयार होणारं उलटं व्होल्टेज) तयार करायला आर्मेचरला जास्त वेगाने फिरावं लागतं. ह्या मोटरला स्वतःचा असा ठरलेला वेग नसतोच. लोड जिथे थांबवेल तिथे थांबते.

त्यामुळे भुईनळा, तुम्ही बरोबर. पण मेहुण्यांचा इशाराही खोटा नाही, फक्त त्यामागचं कारण वेगळं आहे. बहुतेक घरगुती मशिनमध्ये ओढलेली हवाच गाळून मोटरवरून जाते आणि तिला थंड ठेवते. तोंड बंद म्हणजे कूलिंग बंद. करंट कमी असला तरी उष्णता बाहेर न्यायला कोणी नाही. दोन-चार सेकंदांनी काही होत नाही. पिशवी ठासून भरलेली असताना तासभर चालवलं, तर मात्र थर्मल कटआउट (फार तापल्यावर मोटर बंद करणारा स्विच) उडतो, किंवा तो नसेल तर वाइंडिंगचं वार्निश जातं. ओलं-कोरडं दोन्ही ओढणाऱ्या मशिनात मोटरला थंड हवेचा वेगळा पंखा आणि वेगळी वाट असते, कारण ओली हवा वाइंडिंगवरून नेऊन चालणारच नाही.

ठोकताळा
पुस्तकी झालं हे. वॅटमीटर लावून कोणी बघितलंय का?

भुईनळा
शेजाऱ्यांकडे प्लगमध्ये लावायचा मीटर आहे. रविवारी मागून आणतो.

कोथरूडची काकू
धागा वाचून ८०च्या दशकातले दिवस आठवले. टाय लावून, भलीमोठी बॅग घेऊन युरेका फोर्ब्सची मुलं दारात यायची. कंपनी १९८२ची, आणि दारोदार जाऊन विकणं हीच तिची पद्धत. आमच्याकडे आलेल्या मुलाने नळीच्या तोंडाला पांढरा रुमाल लावला आणि नुकतीच उन्हात घातलेली गादी दोन मिनिटं 'साफ' केली. रुमालावर जो करडा गोल उमटला तो बघून सासूबाईंचा चेहरा उतरला. 'आमची गादी एवढी घाण नाही' म्हणाल्या आणि त्याला हाकललं. यथावकाश मशिन घेतलंच!

दूरदेशी
काकू, ती रुमालाची युक्ती या यंत्राइतकीच जुनी आहे! १९०१ साली लंडनमध्ये ह्युबर्ट सेसिल बूथ या इंजिनिअरने धूळ *फुंकून* उडवणारं एक यंत्र पाहिलं. त्याला वाटलं, फुंकण्यापेक्षा ओढा ना. मग एका रेस्टॉरंटमध्ये खुर्चीच्या पाठीवर रुमाल ठेवून त्याने तोंडाने हवा ओढली. खोकून बेजार झाला, पण रुमालावर धुळीचा डाग आला.

त्याचं पहिलं यंत्र घोडागाडीवर असायचं. पेट्रोल इंजिनावर चालणारा पिस्टन पंप रस्त्यात उभा आणि लांबलचक नळ्या खिडक्यांतून घरात. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचे या यंत्राने साफ केले होते.

हातात मावणारं मशिन आलं ते अमेरिकेत. ओहायोतल्या कँटन गावी जेम्स मरे स्पँगलर हा दुकानात झाडलोट करायचा आणि त्याला दमा होता. त्याने पंख्याची मोटर, झाडूची दांडी आणि उशीचा अभ्रा जोडून जुगाड केला. १९०८ साली पेटंट मिळालं आणि ते घेतलं विल्यम हूवरने. पुढचं माहीतच आहे.

साखरझोप
म्हणजे मूळ शोध झाडूवाल्याचाच आणि मशिनला दांडीही झाडूची. केरसुणीताईंचा मुद्दा इतिहासानेच सिद्ध केला.

केरसुणी
मी काही बोलतच नाहीये.

वाफाळलेला चहा
दुसऱ्या प्रश्नावर कोणी बोलेल का? मलाही घ्यायचाय. १६०० वॅट म्हणजे ९०० वॅटच्या जवळजवळ दुप्पट ओढणार ना?

दूरदेशी
नाही! मी जर्मनीत राहतो, इथे हा वाद पार कोर्टात जाऊन आला. खोक्यावरचा वॅट म्हणजे मशिन वीज किती *खातं* तो आकडा. धूळ किती ओढतं याच्याशी त्याचा संबंध सैल आहे. पण गिऱ्हाइकाला मोठा आकडा आवडतो, म्हणून कंपन्या २००० वॅटच्याही पुढे गेल्या होत्या. मग युरोपियन युनियनने १ सप्टेंबर २०१४ पासून १६०० वॅटची आणि सप्टेंबर २०१७ पासून ९०० वॅटची मर्यादा घातली, आवाजालाही ८० डेसिबलचं बंधन. बंदी लागू व्हायच्या आधी लोकांनी जुनी दणकट मशिनं घ्यायला दुकानांत गर्दी केली. पुढे काय झालं? ७०० वॅटची मशिनंसुद्धा गालिचे नीट साफ करायला लागली. पंख्याच्या पात्यांचा आकार, हवेच्या वाटेतली वळणं, फटी, ब्रशचं तोंड, हे सगळं नीट करणं भाग पडलं. तोवर उरलेले वॅट उष्णता आणि आवाजातच जात होते.

गंमत वेगळीच. त्याच नियमांतल्या एनर्जी लेबलवर डायसन या व्हॅक्यूम क्लीनरच्या कंपनीने दावा लावला. म्हणणं असं की चाचणी *रिकाम्या* पिशवीने करता, घरी कोण रिकाम्या पिशवीने झाडतं? २०१८च्या नोव्हेंबरात कोर्टाने ते मान्य केलं आणि लेबल रद्द झालं. ९०० वॅटची मर्यादा मात्र राहिली.

आर्मेचर
पास्कलवाल्या आकड्याबद्दल आता. तोही फसवा आहे, पण वेगळ्या रीतीने.

२०,००० पास्कल म्हणजे वातावरणाच्या दाबाचा साधारण पाचवा हिस्सा. हा आकडा मोजतात तोंड *पूर्ण बंद* करून. तेव्हा ओढ सर्वात जास्त असते आणि हवेचा प्रवाह शून्य. तोंड पूर्ण उघडं ठेवलं तर उलटं: प्रवाह सर्वात जास्त, ओढ जवळजवळ शून्य. धूळ उचलायला दोन्ही लागतात. हवेला प्रत्यक्ष मिळालेली ताकद म्हणजे पास्कल गुणिले दर सेकंदाचे घनमीटर, उत्तर थेट वॅटमध्ये येतं. समजा १०,००० पास्कलला सेकंदाला २० लिटर हवा जातेय: १०,००० × ०.०२ = २०० वॅट. आणि २०,००० पास्कलला प्रवाह शून्य असेल तर गुणाकार शून्य. यालाच एअर वॅट म्हणतात आणि तो आकडा मधेच कुठेतरी सर्वाधिक असतो. खोक्यावर एअर वॅट छापला असेल तर तेवढाच बघा, बाकी सोडा.

रोबोच्या जाहिरातींत तर पास्कलची शर्यतच लागलीय. त्याच्या इवल्याशा पंख्यातून हवा किती जाते हे कोणी सांगत नाही.

वाफाळलेला चहा
आणि सव्वा लाख आरपीएम? तो तरी खरा आहे का? ह्या आकड्यावर माझा विश्वास बसत नाही. गाडीचं इंजिन सहा हजारावर बोंबलतं.

एक फेज
खरा आहे. माझं काम मोटर ड्राइव्हचंच आहे, त्यामुळे जरा लांबण लावतो.

आधी एवढा वेग हवाच कशाला? पंख्याची ओढ पात्याच्या *टोकाच्या* वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पंखा लहान करायचा आणि ओढ तेवढीच ठेवायची तर फेरे वाढवावेच लागतात. आपल्या घरातल्या ५० हर्ट्झवर साधी इंडक्शन मोटर मिनिटाला ३००० फेऱ्यांच्या वर जाऊच शकत नाही, म्हणून शंभर वर्षं युनिव्हर्सल मोटरवर भागवलं. ती २०-३० हजारांपर्यंत जाते. त्यापुढे कार्बन आड येतात. कम्युटेटरवर (आर्मेचरच्या टोकाच्या तांब्याच्या कड्यावर) घासत राहणारे ते दोन तुकडे वेग वाढला की उडायला लागतात, ठिणग्या पडतात, झिजतात. दूरदर्शनच्या काळात मिक्सर लावला की टीव्हीवर रेघा यायच्या, त्या याच ठिणग्यांच्या.

कार्बन काढायचे तर करंटची दिशा बदलण्याचं काम इलेक्ट्रॉनिक्सला द्यायचं. फिरतो तो चुंबक, गुंडाळी स्थिर. चुंबकाचा कुठला ध्रुव समोर आलाय हे हॉल सेन्सर सांगतो आणि चार मॉसफेटचा (झटपट चालू-बंद होणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचचा) ब्रिज त्याप्रमाणे करंट उलटसुलट करतो. हीच बीएलडीसी, म्हणजे बिनकार्बनची (ब्रशलेस) डीसी मोटर. डायसनच्या २०१८च्या व्ही-१० मॉडेलची मोटर अशीच आहे: एक फेज, आठ ध्रुवांचा चुंबक, मिनिटाला १,२५,००० फेरे, वजन १२५ ग्रॅम. हिशोब करा. सेकंदाला २०८३ फेरे, प्रत्येक फेरीत आठदा दिशा बदलायची, म्हणजे दर ६० मायक्रोसेकंदाला एकदा. पंखा ३ सेंमी व्यासाचा धरला तरी पात्याचं टोक ताशी ७०० किमीच्या वर जातं.

खरी गोम इथे आहे. गुंडाळीत करंट चढायला वेळ लागतो आणि एवढ्या वेगात बॅक ईएमएफही त्याला मागे ढकलत असतो. ध्रुव समोर आल्यावर व्होल्टेज दिलं तर करंट चढेपर्यंत ध्रुव निघून गेलेला असतो. म्हणून ध्रुव यायच्या *आधीच* व्होल्टेज द्यायचं. किती आधी, आणि किती वेळ देऊन मग सोडायचं, हे दोन आकडे कंट्रोलर सतत बदलत असतो. व्ही-१०मध्ये सात लिथियम सेल सिरीजमध्ये आहेत. पूर्ण चार्ज असताना २९.४ व्होल्ट, उतरत आले की २१च्या आसपास. साध्या मोटरची ओढ बॅटरीबरोबर मंदावत गेली असती. इथे व्होल्टेज पडेल तसा कंट्रोलर करंट जरा आधी सुरू करतो, जरा उशिरा सोडतो आणि ताकद जवळपास तेवढीच ठेवतो. म्हणून ही मशिनं शेवटपर्यंत जोरात चालतात आणि मग एकदम बंद पडतात. लोक म्हणतात बॅटरी खराब, पण ते मुद्दाम तसंच केलेलं असतं.

एक फेज असण्याचा तोटाही सांगतो. रोटर (फिरणारा चुंबक) नेमक्या काही जागी थांबला तर त्या जागी टॉर्क शून्य आणि मोटर सुरूच होणार नाही. म्हणून स्टेटरचे (गुंडाळीच्या स्थिर भागाचे) दात मुद्दाम वाकडे करतात. एका बाजूची फट जरा जास्त, म्हणजे करंट नसताना रोटर त्या अडचणीच्या जागेपासून थोडा सरकूनच थांबतो. वर खर्च केवढा वाचतो! तीन फेजला सहा मॉसफेट, इथे चार.

भुईनळा
जबरदस्त! दातांचं तर कधी डोक्यातही आलं नसतं. पण मग हे आधी का नाही झालं?

एक फेज
स्वस्त मायक्रोकंट्रोलर, चांगले मॉसफेट आणि निओडिमियमचे चुंबक एकत्र यावे लागले. ते चुंबकच १९८०च्या दशकातले. शिवाय तो ठिसूळ असतो. एवढ्या वेगात फिरण्याच्याच ताणाने फुटून उडू नये म्हणून त्यावर घट्ट कवच चढवावं लागतं.

आपल्याकडे बीएलडीसी घराघरांत पोचली ती छताच्या पंख्यातून. आयआयटी मुंबईच्या मुलांनी २०१२ साली सुरू केलेल्या ॲटमबर्गने २८ वॅटचा पंखा आणला, तेव्हा साधा पंखा ७५ वॅट खायचा. तत्त्व तेच, वेग मात्र तीनशे-साडेतीनशे.

तिरफळ
फोंड्याहून. सगळं मान्य, पण धूळ कुठे जाते त्याबद्दलही बोला. मोटर कितीही भारी असली तरी गाळणी चोंदली की संपलं. आमच्या घरी रंगकाम झालं आणि भावाने पुट्टीची पूड व्हॅक्यूमने ओढली. फिल्टर काढून बघतो तर घड्यांमधे पांढरा, नमद्यासारखा थर, नखाने खरवडला तर सोलून निघत होता. पावसाळ्यातली हवा लागून पुट्टी चक्क *जमली* होती. तो फिल्टर गेलाच.

आर्मेचर
पुट्टी, सिमेंट, रांगोळी आणि चुलीची राख, ह्या चार गोष्टी घरगुती मशिनने ओढू नका.

पिशवीची अडचण डायसन कंपनीच्या जेम्स डायसनला १९७०च्या दशकातच खुपली होती. पिशवीची छिद्रं बारीक धुळीने बुजतात, हवा अडते. लाकडाच्या वखारीत भुसा वेगळा करायला जो शंकूसारखा सायक्लोन असतो, तो त्याने घरगुती मशिनमध्ये बसवायचं ठरवलं. हवा आत गोल गरगरत जाते, जड कण भिंतीला आपटून खाली पडतात, हवा मधून वर निघते. त्यासाठी त्याने ५,१२७ नमुने बनवले. आधी जपानमध्ये १९८६ साली 'जी-फोर्स' विकला गेला, गुलाबी रंगाचा. स्वतःच्या नावाचा डीसी०१ आला तो १९९३ मध्ये.

पण सायक्लोन फुकट नाही. हवा एवढी गरगर फिरवायला दाब खर्च होतो, तो मोटरनेच द्यायचा. शंकू जितका लहान तितका बारीक कण पकडतो, पण हवा कमी नेतो. म्हणून एकाऐवजी डझनावारी छोटे शंकू शेजारीशेजारी. त्यातूनही निसटतात ते कण हेपा फिल्टरला (अतिबारीक धाग्यांच्या गाळणीला). आणि हेपाबद्दल एक मजेदार गोष्ट: सगळ्यात अवघड कण सर्वात बारीक नसतात, ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे असतात. मोठे कण जडपणामुळे वळू न शकल्याने धाग्यावर आदळतात. फार बारीक कण हवेच्या रेणूंचे धक्के खात वेडेवाकडे भटकतात आणि भटकता भटकता धाग्याला चिकटतात. मधले दोन्हींतून निसटतात.

कोथरूडची काकू
बाकी तुमचं विज्ञान ठीक आहे, पण त्या गोल फिरणाऱ्या ब्रशमध्ये अडकलेले केस कात्रीने कापत बसतं कोण? घरात तीन लांब केसांच्या बायका आहेत.

साखरझोप
काकू, आम्हा टकल्यांसाठी ही मशिनं आदर्श आहेत. (ह.घ्या.)

दूरदेशी
काकू, आता एका टोकाला निमुळता असलेला ब्रश मिळतो, केस सरकत सरकत निमुळत्या टोकाने बाहेर पडतात. आणि घरात गालिचे नसतील, सगळ्या फरश्याच असतील, तर ताठ केसांच्या ब्रशऐवजी मऊ रोलर घ्या. गालिच्यांच्या देशासाठी बनवलेलं डोकं आपल्या गुळगुळीत फरशीवर नुसतं दाणे उडवतं.

भुईनळा
मीटर आणला. खोक्यावर १४०० लिहिलेला जुना मशिन. नळीचं तोंड उघडं: ११८०च्या आसपास. तळहात घट्ट लावला: आवाज चढला आणि आकडा ७९०वर. सगळं घर बघायला जमलं होतं. मेहुण्यांनी शांतपणे आकडा वाचला आणि म्हणाले, "मीटर खराब आहे."

ठोकताळा
स्वस्तातले मीटर पॉवर फॅक्टर (व्होल्टेज आणि करंट एका तालात नसल्याचा फरक) नीट धरत नाहीत, हेही खरं आहे.

आर्मेचर
जवळपास चारशे वॅटचा फरक पॉवर फॅक्टरच्या चुकीने येत नाही हो.

वाफाळलेला चहा
एक फेज, मग हे नवं बीएलडीसीवालं मशिन तोंड दाबल्यावर काय करतं? तिथे तर वेग कंट्रोलरच्या हातात आहे.

एक फेज
छान प्रश्न. कंट्रोलर ताकद स्थिर ठेवत असेल तर लोड उतरल्यावर तिथेही वेग वाढतो, म्हणून मर्यादा घालावी लागते. पण त्याच माहितीचा उपयोगही होतो. वेग आणि करंट दोन्ही माहीत असतात, त्यावरून हवा किती जातेय याचा अंदाज वेगळा सेन्सर न लावता बांधता येतो. म्हणून काही मशिनं नळी चोंदल्यावर किंचाळत नाहीत, धक्के देत बंद-चालू होतात. तो बिघाड नाही, नळीत मोजा अडकलाय असं सांगणं आहे ते.

भुईनळा
आता निर्णय. फ्लॅट दोन बीएचके, सगळ्या फरश्या, वर दोन गाद्या आणि सोफा. जुन्याचा कार्बन बदलून घेऊ की नवा बिनवायरचा?

आर्मेचर
आधी जुना उघडून बघा. कार्बन झिजून होल्डरच्या आत बुडालेला दिसला तर बदलायची वेळ झाली. कम्युटेटर चकचकीत चॉकलेटी असेल तर उत्तम, काळा आणि खड्डे पडलेला असेल तर रिवाइंडिंगवाल्याकडून लेथवर घासून घ्या. कार्बन पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लोहार चाळीत मिळेल, जुना तुकडा सोबत न्या, मापं सारखी दिसतात पण नसतात. एवढ्या कामात मशिन अजून काही वर्षं जाईल. गादी-सोफ्याला तोच ठेवा. बिनवायरचा रोजच्या हातझाडणीला सोयीचा, पण बॅटरीच्या किमतीची चौकशी आधीच करा.

तिरफळ
बॅटरीचंच विचारतो. माझ्या बिनवायरच्या मशिनची बॅटरी दोन वर्षांत गेली. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने नव्या पॅकची सांगितलेली किंमत ऐकून उठून आलो. आत साधे १८६५० सेलच आहेत म्हणे. घरी बदलता येतील का?

एक फेज
सेल मिळतात, पण घरी सोल्डर करू नका, उष्णतेने आतलं सील बिघडतं. निकेलच्या पट्टीला स्पॉट वेल्डिंगच करावं लागतं. बदलायचे तर सगळे एकदम, एकाच कंपनीचे, जास्त करंट देणारे. जुने-नवे मिसळले की कमजोर सेल आधी उतरतो आणि बीएमएस (बॅटरी सांभाळणारं सर्किट) सगळा पॅक बंद करतो. आणि काही बीएमएस एकदा बंद झाले की नवे सेल घालूनही उघडत नाहीत, तेव्हा काढायच्या आधी तुमच्या मॉडेलचं तेवढं तपासा. आत्ता चार्जरला लावल्यावर लाइट किती वेळा लुकलुकतो ते लिहा, त्यावरून काही अंदाज बांधता येतो का बघू.